बाई गेली की गेला

सफेद्याचं अख्खं झाड रस्त्यात आडवं झालं होतं. सफेदा म्हणजे आपली निलगिरी. चंडीगडला रस्त्याच्या कडेनं तीच लावलेली, उंचच उंच, आणि मुळं मात्र वरवरची. शशिकलाबाईंनी डोक्यावरची परात काढून काखेत मारली, पदर खोचला आणि सहाही पोरांना एकेक करून फांद्यांखालून पलीकडे सरकवायला घेतलं. पलीकडे शुभदा उभी होती. आलेल्या पोराचं बखोट धरायचं, ओढून घ्यायचं, अंगावरचा पाला झटकायचा, असं तिचं चाललं होतं.

"किती पोचले गं?" बाईंनी फांद्यांआडून विचारलं.

"पाच. लीना राहिलीय."

"लीने, आधी ते ताट दे माझ्याजवळ. डोक्यावर घेऊन वाकशील कशी? राजाचा मुकुट आहे काय तो?"

लीना आली. तिच्यामागून बाई आल्या, आणि येताना अंगातल्या कोटाची बाही फांदीला अडकून टर्रकन फाटली. कोट त्यांच्या भाच्याचा, जयंताचा. त्यांना तो गुडघ्यापर्यंत यायचा. कानांवरून पुरुषी मफलर, पायांत मोजे आणि मोज्यांवर चपला. विदर्भाच्या उन्हात वाढलेलं माणूस चंडीगडच्या थंडीत असंच दिसणार. फाटलेल्या बाहीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बोला आकडे!"

"एक!" "दोन!" "तीन!" "चार!" "पाच!" आणि शेवटी शुभदाची निशिगंधा म्हणाली, "छह!"

"सहावं पोट्टं हरवलं वाटते," बाई इकडेतिकडे शोधत म्हणाल्या. "शुभदा, तुला दिसून राहिलं काय कुठं?"

"सहा, बाई! सहा!" निशी ओरडली.

"हां, सापडलं. चला."

पोरांनी ताटं पुन्हा डोक्यांवर घेतली. ओढण्यांनी आणि मफलरांनी ती हनुवटीखाली बांधलेली होती. नवी कोरी स्टीलची ताटं. जयंताच्या बायकोनं, रागिणीनं, हळदीकुंकवाचं वाण म्हणून आणून ठेवलेली. त्यांच्यावर फांद्यांचे ओरखडे आधीच पडले होते.

"रागिणी मला काही जिवंत ठेवत नाही," बाई म्हणाल्या. "बायकांनी लुटायच्या आधी पोट्ट्यांनीच वाण लुटलं."

शुभदाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. तिनं वर बघितलं. निघाले तेव्हा आभाळ चांगलं फाकलं होतं, पिवळं ऊनही पडलं होतं. आता पश्चिमेकडून पुन्हा काळं येत होतं. मोहालीहून निघून अर्धी वाट सरली होती. घर जितकं लांब तितकंच मागं फिरणंही लांब. तिनं मनातल्या मनात देवाला सांगितलं, अर्धा तास धरून ठेव बाबा, मग काय पाडायचं ते पाड.

एकोणीसशे एकोणनव्वदचा जानेवारी सरत आला होता. पंजाबातले ते अतिरेक्यांचे दिवस असे, की सकाळी पेपर उघडायला हात पुढं होत नसे. शुभदाचा नवरा श्रीराम चंडीगडला एकोणचाळीस सेक्टरात एका संशोधन संस्थेत होता आणि संस्थेच्या वसाहतीत चार-पाच मराठी घरं होती. शशिकलाबाईंचा मराठीचा वर्ग भरायचा मोहालीत, जयंताच्या घरी, दर शनिवारी दुपारी. मोहाली पंजाबात, वसाहत चंडीगडात. मधे दोन-तीन मैलांचा रस्ता आणि एक पोलिसांचा नाका. दिवसा त्या रस्त्यावरून सायकली, स्कूटरी, भाजीच्या गाड्या निवांत जायच्या. दिवेलागण झाली की तो रस्ता कुणाचाच नसायचा.

म्हणून तर ठरलं होतं. गेल्याच आठवड्यात लीनाचे वडील, कृष्णकांत सामंत, बाईंना तोंडावर म्हणाले होते, "बाई, तुमच्याबद्दल काही नाही. पण एक जरी शनिवार पोरं अंधार पडल्यावर घरी आली, तर त्या दिवसापासून वर्ग बंद." आणि जयंतानं पुढं जोडलं होतं, "वर्गच नसला तर इथं कुडकुडत कशाला राहायचं, आत्या? मार्चात नेऊन सोडतो नागपूरला."

जयंता वाईट नव्हता. त्याला आत्याची काळजीच होती. पण नागपूरला काय होतं? इतवारीतल्या एका चुलत दिराच्या घरात मागची खोली. सकाळी चहा आणि संध्याकाळी जेवण कुणीतरी आणून द्यायचं, मधे भिंतीशी बोलायचं. बाईंनी हे शुभदाला एकदाच सांगितलं होतं, तेही पोहे निवडता निवडता, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगताहेत.

शशिकला वैरागडे हिंगणघाटकडच्या. लग्न लवकर झालं, आणि कपाळावरचं कुंकूही लवकर गेलं. पोरबाळ नव्हतं. सासऱ्यांनी, भला माणूस, सुनेला वर्ध्याला नेऊन शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घातलं. मग जिल्हा परिषदेच्या शाळा. आज या गावात, चार वर्षांनी त्या गावात. कुठं शाळेला छप्पर होतं, कुठं पिंपळच होता. भाऊ अकाली गेल्यावर त्याच्या पोराला, जयंताला, त्यांनीच दहावीपर्यंत सांभाळलं. तो मोठा झाला, मोहालीत कारखान्यात इंजिनियर लागला, आणि आत्या रिटायर झाल्यावर तिला घेऊन आला. इतकी वर्षं पोरांना हाका मारून मारून बाईंचा आवाज बसून जाड झाला होता, घोगरा. पाठमोऱ्या बोलल्या तर वाटावं, कुणीतरी पोक्त गृहस्थ बोलतोय. आणखी एक सवय होती. त्या स्वतःबद्दल बोलतानाही "बाई" म्हणायच्या. "बाई काय सांगून राहिल्या, ऐकू नाही येत काय?" जन्मभर वर्गासमोर उभ्या राहिलेल्या बायकांची जीभच तशी होते.

वर्ग निघाला तो निशीमुळे. चंडीगडातल्या मंडळाच्या गणपतीत बाईंनी तिला विचारलं होतं, "काय गं पोरी, तुझी आई कुठं आहे?" निशी म्हणाली, "आई अभी नहीं आई." बाई आधी पोट धरून हसल्या. मग आरती झाली. प्रसाद घेताना शुभदाला म्हणाल्या, "हे काही बरं नाही. मला तुमचे पोट्टे द्या. आठवड्यातून एक दुपार द्या."

तर असा तो वर्ग. पोरांना एक ऑटोवाला न्यायचा-आणायचा आणि आया पाळीपाळीनं सोबत जायच्या. या शनिवारी शुभदाची पाळी होती.

दुपारी तीनच्या सुमारास वारं सुटलं. मग गारा. आधी बोराएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. जयंताच्या घराच्या दोन खिडक्या फुटल्या, गादीवर गारांचा थर बसला. वीज गेली, आणि वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणीही गेलं. जयंता आणि रागिणी एका लग्नाला पतियाळ्याला गेलेले. ऑटोवाल्याचा पत्ता नाही. गारा थांबल्या, ऊन पडलं, तसं बाई म्हणाल्या, "चालतच जाऊ. पोट्टे इथं थांबले तर हा शेवटचा शनिवार."

"आणि पुन्हा पाऊस आला तर?" शुभदानं विचारलं.

"तर डोक्यावर घ्यायला काही नेऊ," असं म्हणून बाईंनी वाणाचं खोकं फोडलं.

निघण्याआधी फोन करून घेतला. वसाहतीत शुभदाच्या इमारतीत एकच फोन, खालच्या मजल्यावरच्या बचित्तर सिंगांकडे. त्यांचा मुलगा संस्थेच्या हिशेब खात्यात. म्हातारबुवांना सगळे दारजी म्हणायचे. भटिंड्याकडचे, कानांनी थोडे कमी. फोन बाईंनीच हातात घेतला. पलीकडे दारजीच होते आणि लाइन नुसती खरखरत होती.

"हां जी! मैं बाई! बाई!" बाई ओरडल्या. "छह बच्चे बाई के पास हैं! घबराने का काम नहीं! अंधेरा होने से पहले सबको छोड़ देंगे! हां, छोड़ देंगे, पक्का!" आणि लाइन तुटली. बाईंनी समाधानानं फोन ठेवला. "चला, सांगून ठेवलं. आता कोणी चिंता करणार नाही."

शुभदा शेजारीच उभी होती. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

नाक्यावर एक जवान वाळूच्या पोत्यांआड भिजून उभा होता. ताटं डोक्यावर बांधलेली वरात बघून त्यानं तोंडावर हात धरला. "माताजी, यह कौन-सी पलटन है?"

"शनिवार पलटन," बाई म्हणाल्या. "जाने दो."

त्यानं जाऊ दिलं. पुढं सफेद्याचं ते झाड लागलं आणि मग जे व्हायचं ते झालं. अर्धा तास काही देवानं दिला नाही. बडहेडीच्या वळणावर आले आणि पहिली गार लीनाच्या ताटावर टण्णदिशी वाजली. मग टणटण टणटण, जणू सगळ्या देवळांतल्या घंटा एकदम. वारा असा, की छोटी पोरं मागं ढकलली जायला लागली. सगळ्यांत धाकट्याला शुभदानं कडेवर घेतलं.

"पळा!" बाई ओरडल्या. "आकड्यानं पळा! कोणी कोणाचा हात सोडायचा नाही!"

बडहेडी हे आधीपासूनचं गाव. शहर त्याच्याभोवती नंतर उभं राहिलं, पण गावात म्हशी होत्या तशाच राहिल्या. पहिल्याच घराच्या गोठ्यातून एक धिप्पाड बाई बाहेर डोकावली आणि तिनं कपाळावर हात मारला.

"हाय, मैं मर जावां! निआणे तां नीले पै गए! आओ, अंदर आओ, पुत्त!"

निआणे म्हणजे पोरं; ती थंडीनं निळी पडली होती. तिचं नाव सुरजीत कौर. विचारपूस नाही, चौकशी नाही. पोरांना तिनं गोठ्यातल्या म्हशींच्या मधे, उबेला, पेंढ्यावर बसवलं. अंगावर पोती टाकली. चुलीवर दूध होतंच, त्यात गूळ घालून पितळी पेल्यांतून दिलं. शेजारच्या घराचं पत्र्याचं छप्पर उडालं होतं. तिथली माणसं, त्यांची कोंबडी, एक आजारी आजोबा, सगळे आधीच तिच्या घरात येऊन बसलेले. गल्लीतले पुरुष दोर आणि कुऱ्हाडी घेऊन पडलेली झाडं ओढत होते. प्रत्येक घरातून कुणीतरी काहीतरी दुसऱ्या घरात नेत होतं. कुठं निखारे, कुठं रजई.

शुभदानं पोरांचे हात चोळले, पाय चोळले. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. बाहेर उजेड मात्र कमी होत होता. बाई दाराशी उभ्या राहून नुसत्या आभाळाकडे बघत होत्या, आणि शुभदाला कळत होतं त्या काय मोजताहेत. अंधाराच्या आत घर. नाहीतर मार्चात नागपूर.

तेवढ्यात गुरुद्वाऱ्याचा भोंगा लागला. वीज नव्हती, बॅटरीवर चालवलेला. वाऱ्यानं अर्धं इकडे आणलं, अर्धं तिकडे नेलं. "छे बच्चे… कोई बाई… लै गया… जिस किसे ने वेखे होण…"

सुरजीत कौरनं दोन्ही कानांना हात लावले. "वाहेगुरू, वाहेगुरू. कोई छे निआणे चुक्क के लै गया."

शुभदाला एवढं पंजाबी कळत होतं. सहा पोरं कुणीतरी उचलून नेली. तिनं बाईंची बाही ओढली. "बाई, ऐकलंत? कुणाची तरी सहा पोरं पळवलीत. या असल्या दिवसांत, या वादळात."

"अगं बाप्पा!" बाई वळल्या. "कोणी नेली?"

"कुणी बाईनं म्हणे."

"बाईमाणसानं? मेलीच्या हाताला काही वाटलं नाही काय?" बाईंनी पदर सारखा केला. "पण हे 'बाई लै गया' काय म्हणून राहिले? गया काहून? बाई गेली. बाई गेला नाही. यांचं व्याकरण मोठं कच्चं आहे."

मग त्यांनी पोरांना उठवून हात जोडायला लावलं. "त्या सहा लेकरांसाठी सगळ्यांनी देवाला सांगा. मोठ्यानं नको, मनात सांगा. सुखरूप घरी पोचू देत म्हणावं." पोरांनी ओठांवरच्या दुधाच्या मिशा पुसून हात जोडले. शुभदानंही जोडले. त्या सहा आयांचं आत्ता काय होत असेल, या विचारानं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आपली निशी समोर आहे, धडधाकट आहे, हे किती मोठं देणं आहे, असं तिला वाटलं. तिनं निशीला जवळ ओढून घेतलं, इतकं घट्ट, की निशी म्हणाली, "आई, दुखतं!" चक्क मराठीत.

भोंगा पुन्हा लागला. आता वारा पडला होता आणि शब्द न् शब्द स्वच्छ आला. एकोणचाळीस सेक्टरातली सहा मुलं मोहालीहून कुणी "बाई" घेऊन निघालाय. फोनवर त्याचा आवाज भारी होता, अंधार पडण्याआधी सोडतो म्हणाला. कुणी बघितलं असेल तर गुरुद्वाऱ्यात कळवावं.

शुभदानं निशीला सोडलं आणि ती उठली.

"बाई," शुभदा म्हणाली, "एकोणचाळीस सेक्टर आपलं."

"हो ना."

"सहा मुलं."

बाईंनी पोरांकडे बघितलं. पोरांनी बाईंकडे. निशी हळूच म्हणाली, "एक, दोन, तीन, चार, पाच… सहा."

"बहनजी," शुभदानं सुरजीत कौरला हिंदीत विचारलं, "तुमच्यात बाई म्हणजे कोण?"

"बाई?" सुरजीत कौर म्हणाली. "साडे मालवे विच वड्डे भरा नूं बाई कहंदे ने. कोई बंदा होवे, बाई जी कह दिंदे हां."

तिच्या मालव्यात, म्हणजे भटिंड्याच्या बाजूला, मोठ्या भावाला बाई म्हणतात. कुणीही बाप्या असो, बाई जी. शुभदानं ते बाईंना मराठीत सांगितलं. बाई हळूहळू पेंढ्यावर बसल्या.

"म्हणजे तो बाई मीच?"

"तुम्हीच. दारजींना तुमचा आवाज बाप्याचा वाटला. आणि तुम्ही म्हणालात, छोड़ देंगे."

"घरी सोडू, म्हटलं मी!"

"त्यांना वाटलं, सोडून देऊ. पकडलेल्याला सोडतात तसं."

बाईंनी मफलर कानांवरून खाली ओढला. त्या विनोदावर हसल्या नाहीत. त्या इतकंच म्हणाल्या, "त्या आयांना काय वाटून राहिलं असेल गं आत्ता. मी सांगायला गेले चिंता करू नका म्हणून." आणि मग, खूप हळू, "संपला वर्ग."

त्या उठल्या, परात काखेत घेतली आणि सुरजीत कौरच्या मागोमाग गुरुद्वाऱ्याकडे निघाल्या. गारा थांबल्या होत्या. वाट पांढरी झालेली, पाऊल टाकलं की करकरायची. सहा पोरं, दोन बायका आणि त्यांच्या पुढं सुरजीत कौर, जी प्रत्येक दारात ओरडून सांगत होती, "लब्भ गए! लब्भ गए! बाई जनानी ए!" सापडली, सापडली, बाई बायकामाणूस आहे. घराघरांतून माणसं बाहेर यायला लागली. गुरुद्वाऱ्याच्या पायरीशी पोचेपर्यंत चांगली मिरवणूक झाली होती.

तिथं एक जीप उभी होती. श्रीराम होता, सामंत होते, दोन पोलीस होते, आणि सगळ्यांच्या पुढं दारजी. पगडी भिजून कलंडलेली, हातात काठी, पायांत घरातल्या सपाता. एवढ्या वयाचा माणूस गारांत घरोघर फिरला होता, शेजारच्या सेक्टरातल्या गुरुद्वाऱ्यांत सांगून आला होता.

पोरं बापांकडे धावली. श्रीरामनं निशीला उचललं आणि तोंड तिच्या खांद्यात खुपसलं. ताट मधे येत होतं, तरी त्याच्या ध्यानात आलं नाही. मग शुभदाचा हात धरून म्हणाला, "दारजी आम्हाला नुसतं 'कुणीतरी माणूस' म्हणाले गं. बाई म्हणाले असते तर तेव्हाच कळलं असतं."

"ते सगळं सोडा," दारजी गरजले. "ओह बाई कित्थे ए?"

शशिकलाबाई पुढं झाल्या. दारजींच्या छातीपर्यंत येणाऱ्या, फाटक्या बाहीचा कोट, काखेत परात. "मैं हूं बाई," त्या म्हणाल्या.

दारजींनी तो आवाज ऐकला आणि काठीवरचा हात सैल सोडला. ते त्यांच्याकडे बघतच राहिले. "तूं?" ते म्हणाले. "तूं बाई ऐं?"

"हां जी. हमारे यहां मास्टरनी को बाई बोलते हैं. माफ करना. मेरे कारण आपको बहुत तकलीफ हुई."

दारजींची दाढी हलायला लागली. शुभदाला वाटलं, रडताहेत की काय. पण ते हसत होते. हसता हसता पायरीवर बसले. "पडलेल्या झाडाखालून वाकून नाक्यावर गेलो, तिथल्या पोराला विचारलं," ते हिंदीत सांगायला लागले, "कुणी बाई सहा मुलं घेऊन गेला का? तो म्हणतो, नाही जी, कुणी माणूस गेला नाही. एक माताजी गेल्या, बँड-बाजा घेऊन! मी त्या पोराला शिव्या दिल्या. म्हटलं, मी बाई विचारतोय आणि तू मला माताजी सांगतोस!"

गुरुद्वाऱ्याच्या अंगणात जो तो हसायला लागला. पोलीससुद्धा. आतून चहाच्या बादल्या आल्या. वादळानं भिजलेले, छपरं गेलेले, वाटेत अडकलेले कितीतरी लोक तिथं आधीच बसलेले होते. सगळ्यांनी एकेक पेला घेतला. शुभदानं आत जाऊन ग्रंथसाहेबासमोर डोकं टेकवलं. तिच्या घरचा देव वेगळा होता, पण आज ज्याच्या दारात पोर हाती मिळालं त्याला नमस्कार न करता जायचं कसं.

बडहेडीच्या कुणी तरी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. जीपमध्ये एवढी माणसं मावणार नव्हती. पेंढ्यावर पोरं, पोरांवर पोती, कडेला मोठी माणसं. पश्चिमेला ढगांच्या खाली उजेडाची एक लांब फट राहिली होती. वसाहतीच्या फाटकात शिरताना तीही मिटत आली, पण मिटली नव्हती. बाईंनी ती बघितली. सामंतांनीही बघितली.

फाटकात बायका उभ्या होत्या. मग रडणं झालं, पापे झाले, पाठीत धपाटे झाले. सगळं शांत झाल्यावर सामंत बाईंजवळ आले. चांगल्या मनानंच बोलले. "बाई, पोरं सुखरूप आली, देवाची कृपा आणि तुमची हुशारी. ताटांचं तर मी जन्मभर सांगेन. पण आज जे दोन तास गेले ना, ते पुन्हा नकोत. लीनाला आता नाक्यापलीकडे पाठवणार नाही मी."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. सगळ्यांचं म्हणणं तेच होतं.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

जयंताचं त्या रात्री येणं शक्यच नव्हतं, म्हणून त्या शुभदाकडेच राहिल्या. इमारतीत वीज नाही, पाणी नाही. दारजींनी जिन्याखाली शेगडी पेटवली आणि चारही मजले तिच्याभोवती येऊन बसले. कुणी हातपंपाचं पाणी आणलं, कुणी बटाटे भाजले. दारजी प्रत्येक नव्या माणसाला गोष्ट पहिल्यापासून सांगत होते, आणि दर वेळी नाक्यावरचा जवान जरा जास्तच बावळट होत चालला होता. "बाई जी!" ते मधेच हाक मारायचे, आणि सगळे हसायचे, आणि बाईही हसायच्या.

शुभदानं देवापुढं निरांजन लावलं, साखर ठेवली. मग बाईंसाठी पातेल्यात पाणी गरम करून आणलं. त्यांचे मोजे सोडवले. पाय लाकडासारखे झाले होते. बाईंनी ते पाण्यात बुडवले आणि डोळे मिटले.

"बरं वाटतंय?" शुभदानं विचारलं.

"लई बरं." थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. खाली जिन्यात पोरं शेगडीभोवती काहीतरी ओरडत होती, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. बाई ऐकत राहिल्या.

"सामंत चुकीचं नाही बोलले गं," त्या म्हणाल्या. "पोट्ट्यांनी कशाला यायचं त्या रस्त्यानं. मी काही लहान नाही. मला कोण पळवते?"

शुभदानं टॉवेल पुढं केला. बाईंनी तो घेतला, पण पाय पुसले नाहीत. तसाच हातात धरून, तिच्याकडे न बघता, वर्गात कधी बोलत नसत एवढ्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, "शनिवारी मी चालत येत जाईन. उजेडात येईन, उजेडात परत जाईन. तुझ्या या बाहेरच्या खोलीत पोट्ट्यांसाठी एक सतरंजी अंथरू दे मला, शुभदा. खुर्च्या मीच सरकवीन, आणि मीच परत लावून ठेवीन."